कीव यावी असा

धाकट्याला त्या एका वाक्यातून मिळणार होतं ते इतकंच: मुलांच्या डोक्यात शब्द पक्का बसला असता आणि पालक म्हणाले असते, सर झकास शिकवतात! टेलरचा धाकटा भाऊ ही ओळख पुसायला तेवढं पुरे होतं.

शिकवणीत त्याची एक पद्धत होती. इंग्रजी शब्द आला की उदाहरण ओळखीतलंच द्यायचं. "पुस्तकातलं पुस्तकात राहतं," असं तो ऐटीत सांगे. त्या दिवशी फळ्यावर होता 'पिटिएबल'.

"म्हणजे गरीब का हो, सर?"

"छे! गरीब माणूस ताठ असू शकतो. पिटिएबल म्हणजे ज्याच्याकडे बघून कीव यावी असा." धाकटा खिडकीशी गेला. समोर दादाचं दुकान. आजारपणानंतर दादाचा उजवा हात थरथरे, म्हणून सुईत दोरा ओवताना तो रस्त्याकडे पाठ करून बसे. वरच्या मजल्यावरच्या या खिडकीतून मात्र त्याच्या खांद्यावरून सगळं दिसे. "ते बघा, आमचा दादा. सुईशी झोंबतोय बिचारा. हे पिटिएबल!"

वर्ग खिडकीशी लोटला. मशीन सुरू झालं की तोच हात स्थिर होतो, टीप सरळ येते, हे धाकट्याला ठाऊक होतं. उदाहरणात ते बसेना, म्हणून त्याने गाळलं.

पुढच्या आठवड्यात शाळेचे गणवेश शिवायला येणार होते. त्यावरच दादाचं वर्ष निघे. वहिनीने टेबल लख्ख पुसून ठेवलं. शिकवणीतल्या मुलांच्या आया आल्या, पण हातात कापड नव्हतं, फळांच्या पिशव्या होत्या.

"कापड कुठाय?" दादाने विचारलं.

"राहू द्या हो भाऊ, तुम्हाला कशाला त्रास? यंदा दुसरीकडे टाकले. एवढं घ्या, तब्येतीला बरं."

"माझी टीप कधी वाकडी गेली का?"

"तसं नाही हो..." बाई त्याच्या हाताकडेच बघत होती. दादाने हात खिशात घातला.

धाकटा धावत आला. "दादा, मी सांगतो त्यांना. नुसतं उदाहरण होतं ते."

"काय सांगणार? छान शिकवलंस. सगळ्यांना समजलं."

"भावजी," वहिनी म्हणाली, "आता याच्या उलटा शब्द शिकवा. आहे का तुमच्या इंग्रजीत?"

असे शब्द होते. पण दादाकडे बोट दाखवून ते शिकवले, तर खरं कोण मानणार होतं?

शिकवणी भरभरून चालली. बायकांना चांगलं काही केल्याचं समाधान मिळालं. किंमत मोजली ती एकट्या दादाने. आणि ती मोजून झाल्यावरही तो खिडकीतून रोज दिसत राहिला, बंद मशीनपाशी, हात खिशात घालून, अगदी उदाहरणासारखा.