तबकडीतला माणूस

हैबती आषाढात भाताच्या लावणीला घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर ट्रंक होती आणि ट्रंकेत चोरबाजारातला चावीचा ग्रामोफोन. मुंबईच्या गोदीत तो हमाल होता. अमेरिकी जहाजावरच्या एका काळ्या खलाशाने त्याला एक तबकडी दिली होती.

वरंधच्या वरच्या वाडीत, डोंगराला पाठ लावून असलेल्या त्या घरात तबकडी फिरली आणि त्याची बायको तुळसा हातातलं काम टाकून बसली. कुणीतरी गिटार छेडत, पायाने ठेका धरत गात होता. गाणं कसलं, कण्हणंच ते.

"काय म्हनतो त्यो?"

"बायकोला हाका मारतो. नदी चढली, घर सोड म्हनतो."

खलाशाकडून ऐकलं तेवढं हैबतीने सांगितलं. गाणारा आंधळा, कापसाच्या मळ्यातला मजूर. बायको पुरात गेली. कंपनीवाल्यांनी त्याला शहरात नेऊन एका दुपारात सहा गाणी भरून घेतली. त्याच हिवाळ्यात तो रस्त्यावर गारठून मेला. कुठे पुरला, कुणाला ठाऊक नाही.

तुळसाची सासू बयाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मेल्या मानसाचा आवाज घरात कशाला आनलास रे?"

हैबती हसला. रोज वाजवू लागला.

पुढे पाऊस पाच दिवस खळला नाही. सहाव्या दुपारी गाणं संपलं, हैबतीने सुई उचलली. ठेका मात्र चालूच राहिला. ठक्. ठक्. तुळसा मागच्या दारी गेली. वरून एकेक दगड घरंगळत भिंतीवर आपटत होता. आणि घरामागचा ओढा, एवढ्या पावसात, आटला होता. पाणी वर कुठेतरी डोंगरातच तुंबत होतं.

"अवो, भायेर पडा! आत्याबाय, उठा!"

सासूला पाठुंगळी घेऊन ती समोरच्या टेपाडावर, भावकीतल्या गोमाजीच्या घराकडे पळाली. हैबती मागोमाग होता. अर्ध्या वाटेत थांबला.

"तबकडी ऱ्हायली."

"मरू दे ती!"

"त्याचं तेवढंच उरलंय गो. आलोच."

ती ओरडत राहिली. तो दारात शिरला. आधी वरची झाडं उभीच्या उभी सरकली, मग आवाज आला.

वाडी तीन दिवस चिखल उपसत होती. हैबती उंबऱ्यापाशी सापडला. सदऱ्याखाली तबकडी, दोन तुकडे झालेली. गोमाजीने ते तुळसापुढे धरले.

"यांचं काय करू?"

"त्यांच्यासंगं ऱ्हाऊ दे."

वर डोंगराची उघडी लाल माती अजून गळत होती. बयाबाई तिकडेच बघत होती.

"आजून पडायचा हाय त्यो," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत वाडीने भांडीकुंडी उचलली.