पाचवीच्या वर्गाची खिडकी

सुताराने तिकिटाच्या टेबलावर परवानगीचा कागद ठेवला आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर सावरली. पहारेकरणीने कागद दोनदा वाचला.

"काका, एका कडीसाठी तीन अर्ज?"

"चौथाही केला असता."

"परवानगी आजचीच आहे. पाचला बंद करतो आम्ही."

शाळेचं आता चित्रांचं संग्रहालय झालं होतं. पाचवीच्या वर्गातली बाकं गेली होती, भिंतींवर मोठमोठी चित्रं आली होती. त्याने एकाकडेही पाहिलं नाही. तो थेट मागच्या खिडकीपाशी गेला.

या वर्गात त्याच्या बायकोने एकोणतीस वर्षं शिकवलं, आणि एकोणतीस वर्षं ही खिडकी वाऱ्याने आपटत राहिली.

"जगाच्या खिडक्या बसवता, माझी तेवढी दिसत नाही," ती म्हणायची.

"माप आण, मग बघतो," तो म्हणायचा, आणि विसरून जायचा. ती जाऊन आता सात महिने झाले होते.

त्याने पिशवीतून नवी कडी काढली. चार इंची. अख्खा जन्म खिडक्यांत गेलेला. माप न घेताच आणली होती.

झडप आणि चौकटीच्या फटीत कागदाची घट्ट घडी खोचलेली होती.

"ती काढू नका," पहारेकरीण म्हणाली. "आम्ही यायच्या आधीपासून आहे. पुसताना पडली तर मीच परत खोचते. नाहीतर दिवसभर डोकं उठतं."

"आता नाही उठणार."

त्याने घडी ओढून काढली. तांबूस पडलेला, पुठ्ठ्यासारखा कडक कागद. तळहातावर हळूहळू उलगडला. आत फळ्यावरचं असावं तसं गोल, सरळ अक्षर होतं.

'खिडकीची कडी. सहा इंच. ह्यांनी विचारलं की देणे.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली.

"काय लिहिलंय, काका?"

"माप."

"बरोबर आहे?"

त्याने टेप काढून झडपेला लावली. पुन्हा एकदा लावली. मग चार इंची कडी पिशवीत टाकली.

"बरोबर आहे. माझंच चुकलं."

"मग आज राहिलं म्हणायचं?"

"राहतंय कशाला? दुकान उघडं असेल. पाचच्या आत येतो."

दारापर्यंत जाऊन तो परत फिरला. कागदाची जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि अंगठ्याने दाबून फटीत बसवली.

"तोवर वाजायला नको," तो म्हणाला.