चाळीस मैलांची थरथर

मधुकर खांबेटे बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होता. तयार झालेला भाग त्याच्या टेबलावर येई, तो त्याची मापं घेई आणि सोबतच्या कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून सही करी. सात वर्षं हेच काम केल्यामुळे या तीन शब्दांवर त्याचा फार विश्वास बसला होता.

त्याचा मित्र पद्माकर मोघे त्याच कारखान्यात होता, पण वेगळ्या विभागात आणि वेगळ्या पाळीत. दोघांनी मिळून एक जुनी फटफटी घेतली होती. एक आठवडा ती पद्माकरकडे असे, एक आठवडा मधुकरकडे. रविवारी सकाळी बसवनगुडीत पद्माकरच्या दाराशी गाडी हवाली व्हायची. तीन वर्षांत यावरून दोघांचं एकदाही वाजलं नव्हतं. मग १९६३ च्या जानेवारीत त्यांनी दोन्ही टायर नवे बसवून घेतले.

पहिला आठवडा पद्माकरचा होता. रविवारी गाडी देताना तो म्हणाला, "हँडल थरथरतं रे. टायर बदलल्यापासून. जरा बघ."

मधुकरने आठवडाभर बघितलं. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं, "दोष आढळला नाही."

"असं कसं? माझे दात वाजतात."

"माझे नाही वाजले."

तिसऱ्या आठवड्यात पद्माकरचे दात पुन्हा वाजले, तेव्हा दोघं गाडी घेऊन कलासिपाळ्याला सयाजी मेकॅनिककडे गेले. सयाजीचं घराणं तीनशे वर्षांपासून या मुलखात होतं. त्याचं मराठी मधुकरला कळे, पण सावकाश ऐकावं लागे. सयाजीचा उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळे त्याने फटफटी चालवणं सोडलं होतं. दुरुस्त करणं सोडलं नव्हतं. त्याने हवा पाहिली, चाकांच्या तारा वाजवून पाहिल्या, आस पाहिले. सगळं ठीक होतं.

"किती मैलांच्या स्पीडला थरथरते, अण्णा?" त्याने पद्माकरला विचारलं.

"अडतीसला सुरू होते. पंचेचाळीसच्या पुढे गेलं की थांबते."

सयाजी मधुकरकडे वळला. "आणि तुम्ही? तुम्ही किती स्पीडनं जाता?"

"चाळीसनेच," मधुकर म्हणाला.

हे त्याने ठरवून सांगितलं नव्हतं. ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर परत घेण्यासारखं राहिलं नाही. खरी गोष्ट अशी होती की काटा पंचविसाशी आला की मधुकर भीतीने वेग उतरवी. म्हणून तो घरून वीस मिनिटं लवकर निघे. तीन वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

सयाजीने हात पुसले. "गाडी एक, रस्ता एक, स्पीड एक. मग फरक माणसात," असं म्हणून तो पद्माकरकडे बघू लागला. पद्माकरमध्ये बघण्यासारखं पुष्कळ होतं. "वजन किती, अण्णा?"

पद्माकरने सांगितलं. सयाजीने मान हलवली. "सरी, ठीक आहे. हँडल सैल धरायचं. पुढं सरकून बसायचं. आणि वजन स्वल्प कमी करायचं."

पद्माकर हा डॉक्टर, मेकॅनिक आणि बायको यांचं निमूटपणे ऐकणारा माणूस होता. त्याने रात्रीचा भात सोडला. कल्पनावहिनींनी त्याच्या चहातली साखर बंद केली. संध्याकाळी तो दोन्ही हातांत लाटणं धरून सैल मुठीचा सराव करी, आणि वहिनींना पोळ्यांसाठी थांबावं लागे. दोन रविवारांनी मधुकर गाडी घ्यायला गेला तेव्हा पद्माकरची विजार सैल झाली होती. थरथर होती तशीच होती.

"अजून चार पौंड उतरवतो, मग बघू," पद्माकर म्हणाला.

मधुकरने चहा घेतला. तो त्याला गोड लागला नाही, पण त्यात साखर खरोखरच नव्हती.

पद्माकरच्या पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, लालबागेजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली. हँडल सैल धरलेलं होतं, ते हातातून सुटलं. पद्माकर पडला. हाडं शाबूत राहिली, कोपर आणि गुडघा सोलून निघाला. बातमी कळताच मधुकर धावत गेला. पद्माकर हाताला पट्टी बांधून खाटेवर बसला होता.

"चूक माझीच," तो म्हणाला. "खड्डा दिसला तेव्हा मूठ आवळायला हवी होती. पण सयाजीरावांनी सांगितलं होतं ना, सैल."

मधुकरने बाहेर जाऊन गाडी पाहिली. गाडीला फक्त ओरखडे आले होते. ती घेऊन तो घरी गेला.

शनिवारी पहाटे तो कनकपुरा रस्त्याला लागला. बनशंकरीचं देऊळ मागे पडल्यावर रस्ता सरळ आणि मोकळा होता. त्याने काटा तिसावर नेला आणि देवाचं नाव घेतलं. पस्तिसाला डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अडतिसाला हँडल थरथरू लागलं, आधी मनगटात, मग खांद्यापर्यंत, मग दातांत. पद्माकरने सांगितलं होतं अगदी तसं. मधुकरने गाडी थांबवली आणि इंजिन गार होईपर्यंत तो कडेच्या दगडावर बसून राहिला.

'आज मलाही जाणवलं' एवढं सांगूनही भागलं असतं. परतीच्या वाटेवर त्याने ते वाक्य दोनतीनदा म्हणून पाहिलं. चांगलं वाक्य होतं.

रविवारी लंगडत्या पद्माकरला घेऊन तो सयाजीकडे गेला आणि म्हणाला, "सयाजीराव, मी चाळीसने कधी गेलोच नव्हतो. पंचवीसच्या वर गेलो ते काल पहिल्यांदा. थरथर आहे."

पद्माकर त्याच्याकडे बघत राहिला. सयाजीला मात्र राग यायलाही वेळ नव्हता. त्याने इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक अधांतरी केलं, टायरच्या बगलेजवळ खडू धरला आणि चाक फिरवलं. खडूची रेघ गोल उमटायला हवी होती. ती वीतभर जागेवरच उमटली. त्या जागेच्या बरोबर विरुद्ध बाजूला, रिमला लागून टायरवर जी बारीक रेघ असते, ती आत गडप झाली होती. बाकी सगळीकडे ती बोटभर बाहेर दिसत होती.

"टायर रिमवर पुरतं बसलंच नाही," सयाजी म्हणाला. "पहिल्या दिवशी दिसलं असतं. पण मी अण्णांनाच बघत बसलो."

त्याने हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि पंप मारू लागला. बऱ्याच वेळाने फट् असा आवाज आला आणि रेघ बाहेर आली. सगळ्या कामाला अर्धा तास लागला. पद्माकर गाडी घेऊन मैसूर रोडवर गेला आणि परत येऊन म्हणाला, "पन्नासपर्यंत लोण्यासारखी."

"स्वल्प आधी सांगितलं असतं," सयाजी मधुकरला म्हणाला, "तर अण्णा पडले नसते."

घरी निघताना पद्माकर मागे बसला. त्याचा कोपर ठणकत होता. मधुकर गाडी चालवू लागला. काटा चोविसावर होता. मिंटो हॉस्पिटल मागे पडलं. मधुकर शिव्यांची वाट बघत होता.

"नीलाला ठाऊक आहे का, तू किती स्पीडने जातोस ते?" अखेर पद्माकरने मधुकरच्या बायकोबद्दल विचारलं.

"ती मागे बसते," मधुकर म्हणाला.

पद्माकरला ते पटलं. एक सायकलवाला उतारावर त्यांच्या पुढे निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत पद्माकर त्याच्याकडे बघत होता.