घराचं एक मत

"वाचन वगळलं की जेवण वेळेवर होईल. मान्य असेल त्यांनी हात वर करा," अध्यक्ष देवदत्त म्हणाला, आणि विलासचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

चित्राने कपाळाला हात लावला. विलास तिचा नवरा, आणि वगळायचं ते वाचनही तिचंच. शेजारच्याशी विंटर टायर्सबद्दल बोलण्यात तो इतका रंगला होता की 'जेवण वेळेवर' एवढंच त्याच्या कानात शिरलं असणार. हे ओळखायला तिला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही.

टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये मराठी मंडळाची सभा चालली होती. विषय होता महिला दिनाचा कार्यक्रम. चित्रा विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी करायची. यंदाची सगळी थंडी, घरचं आवरून झालं की, ती या कार्यक्रमात वाचायला म्हणून एका बाईचे जुने लेख मराठीत आणत बसली होती. ही बाई एकोणिसाव्या शतकातली, ओंटारिओतल्या कुठल्याशा गावची शिक्षिका. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून गावच्या वर्तमानपत्रात लिहायची. ती रडगाणं गात नसे, नुसती वैतागत असे. म्हणून तर चित्राला ती आवडली.

'लग्नाआधी घर माझ्या नावावर होतं, म्हणून गावच्या निवडणुकीत मला मत होतं,' बाईने लिहिलं होतं. 'सोमवारी लग्न झालं आणि मत गेलं. एका दिवसात माझी अक्कल कुठे सांडली ते नगरपालिकेने कळवावं, म्हणजे मी जाऊन उचलून आणीन.'

हे लिहिताना चित्रा एकटीच हसली होती. मग हसू जागच्या जागी थांबलं. टोरोंटोत ती नोकरीला आली तेव्हा एकटी होती. मंडळाची सभासद होती, हात वर करून मत देत होती. लग्न झालं, कौटुंबिक सभासदत्व आलं आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे घराला एक मत उरलं. ते कुणी द्यायचं हे नियमात लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच कुणाला पडली नव्हती. वडे आणि पुरणपोळ्या करायचं काम वाटून देताना मात्र तिचं नाव बरोब्बर वेगळं निघायचं.

"नऊ होकार, आठ नकार," देवदत्तने मोजलं. "वाचन वगळलं."

"थांबा, माझा नकार धरा," चित्रा उठली.

"वहिनी, तुमच्या घराचं मत आलं की."

"ते विलासचं आलं."

"मग एकच ना ते!" देवदत्त हसला. तसा तो वाईट माणूस नव्हता, आणि चित्राला वैताग त्याचाच होता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"कसलं वोटिंग होतं?" विलासने आता विचारलं. मागच्या खुर्चीवरच्या रश्मीने सांगितलं तेव्हा त्याने जीभ चावली. "अरे बापरे! सॉरी गं. मला वाटलं जेवणाचं चाललंय. देवदत्त, माझं चेंज कर. नकार लिही."

"विलास म्हणतोय तर करू की. आठ होकार, नऊ नकार. वाचन राहिलं! झालं ना वहिनी तुमच्या मनासारखं?"

दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. चित्राला खाली बसता आलं असतं. बाईचे ते शब्द या हॉलमध्ये मोठ्याने वाचायचे म्हणून ती आरशासमोर उभी राहून आवाजाचे चढउतार घोकत आली होती. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नको. विलास, तू होकार दिलास, तो राहू दे. माझा नकार वेगळा धरा."

"अगं, पण जिंकलीस ना तू?"

"मी कुठे जिंकले? तू जिंकवलंस."

"नियमात बसत नाही हो वहिनी," देवदत्त वैतागला. "आणि विलासचा होकार ठेवला तर वाचन जाणार, बघा. एवढी मेहनत घेतलीत."

रश्मीने तिची बाही ओढली. "बस गं. वाचायला मिळतंय ना? कशाला उगाच ताणतेस?"

"काय वाचू, रश्मी? आणि कुठल्या तोंडाने?"

रश्मीने बाही सोडली. विलास बूट न्याहाळत बसला. देवदत्तने उसासा टाकून पुन्हा नऊ आणि आठ लिहिलं, आणि चित्राला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सबंध हिवाळ्याचं काम दोन आकड्यांत संपलं होतं.

"पुढचा विषय. पार्किंगमधला स्नो कोण शोव्हल करणार?"

चित्रा बसली नाही. तिने हात वर केला.

"तुम्ही करताय, वहिनी?"

"नाही. मघाचंच मत आहे."

कुणी खोकलं. मग पार्किंग झालं, खुर्च्या झाल्या, अंताक्षरीचे माइक झाले. देवदत्त तिच्या बाजूला बघेनासा झाला. विलासने हळूच तिच्या कोपराला हात लावला.

"खाली घे गं. हात दुखेल."

"दुखतोय," चित्रा म्हणाली, आणि हात तसाच ठेवला.