निंबाच्या वळणावरची फटफटी

मित्रांनो, टिनाच्या शेडात कापसाच्या गाठोड्यांना टेकून उभी असलेली लाल फटफटी दिसते ना, ती मी. माझा रंग उडाला आहे आणि टाकीला एक खोल पोचा आहे. त्या पोच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही.

समुद्रपूरजवळच्या एका गावातल्या बबनरावांनी मला त्यांच्या मुलासाठी, अंकुशसाठी आणले. अंकुशचा माझ्यावर भारी जीव. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या रांगेत तो मलाही धुऊनपुसून उभी करायचा. त्याची आई देवकाबाई ओवाळायला आल्या की हसायच्या. "अरे, हे काई बैल हाय का?" तो म्हणायचा, "बैलापेक्षा कमी खाते, माय." मग माझ्याही हँडलला कुंकू लागायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

समुद्रपूरहून गावाकडे येताना एक मोठे वळण लागते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला निंबाचे झाड आहे. ट्रकमधून सांडलेली सरकी, म्हणजे कापसाचे बी, तिथे डांबरावर पसरलेली असते. त्या दुपारी अंकुश जोरात होता. वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, त्याला ते वळणात शिरल्यावर आठवले. माझे पुढचे चाक सरकीवरून सटकले. त्याने घाबरून पुढचा ब्रेक गच्च आवळला आणि त्याचे डोळे निंबावर खिळले. मित्रांनो, गाडी डोळ्यांच्या मागे जाते. मी निंबाकडे गेले, टाकीवरचा पोचा तिथलाच. हेल्मेट माझ्या आरशाला टांगलेले होते, त्यावर साधा ओरखडाही उठला नाही. अंकुश मात्र घरी परत आला नाही.

बबनरावांनी निंबाखाली दगड बसवला, त्यावर मुलाचे नाव कोरून घेतले. येणारे-जाणारे गाडीवरूनच त्याला नमस्कार करू लागले. ऐन वळणात एक हात सोडायचा, कपाळाला लावायचा आणि मान वळवून दगडाकडे पाहायचे. मग काय, एकामागून एक तिथेच घसरू लागले. किराणा दुकानवाल्या रूपरावांचा हात मोडला. प्लास्टर गळ्यात अडकवून ते सगळ्यांना सांगत सुटले, "अंकुश ओढून राह्यला लोकायले."

मला हे खोटे म्हणवत नव्हते. शेडात कोणी नसतानाही माझ्या हँडलवर दोन हात असायचे. गच्च आवळलेले. घरच्या कोंबड्या नांगरावर बसत, पोत्यांवर बसत, माझ्या सीटवर कधी बसल्या नाहीत.

बबनराव मला भंगारात द्यायला निघाले तेव्हा अंकुशची धाकटी बहीण काजल आडवी आली. "बाबा, भंगारात गेली तं लोक म्हनतीन, पाहा, घरच्यायलेच भेव वाटते. दादा कोनाले काऊन ओढन? लोक त्याच्याकडे पाह्यतेत, म्हनून तिकडं जातेत. मी त्या वळनातून गाडी काढून दाखवतो." बबनरावांनी मला पुन्हा शेडात लावले. आणि ते शेताकडे निघून गेले.

काजलने उन्हाळ्यात मोकळ्या पडलेल्या वावरात सरकी पसरून मला फिरवले. डोक्यावर तेच हेल्मेट. पडली, माझा इंडिकेटर फुटला, पुन्हा उठली. चाक सटकले तर पुढच्या ब्रेकला बोट लावायचे नाही, कोपर ढिले ठेवायचे, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा आणि जिथे जायचे तिथे पाहायचे, हे तिच्या अंगात मुरले. पण निंबापाशी पोचली की वळणाच्या तोंडाशीच ती मला थांबवायची.

"माय, सगळं जमते," एकदा ती रडतच घरी आली. "पन तिथं गेली का डोळे दादाकडेच जातेत."

देवकाबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "उद्या मी वळनाच्या पल्याड उभी राहीन. तू माह्याकडे पाहजो."

दुसऱ्या दिवशी त्या पिवळे लुगडे नेसून उन्हात उभ्या राहिल्या. काजलने वेग आधीच कमी केला आणि ती वळणात शिरली. आणि माझे पुढचे चाक सटकले. त्याच जागी, त्याच सरकीवर. त्या क्षणी ते दोन हात माझ्या हँडलवर आले. ब्रेकवर जुन्या बोटांचा दाब आला आणि मला निंब जवळ येताना दिसला. मी फार भ्याले, मित्रांनो. पण काजलची बोटे ब्रेकवर गेली नाहीत. तिची नजर पिवळ्या लुगड्यावरून हलली नाही. चाकाने हळूच डांबर धरले आणि आम्ही दगडाला मागे टाकून पुढे आलो.

देवकाबाई इतके दिवस त्या रस्त्याला येत, त्या फक्त दगडाकडे पाहायला. आज त्या पूर्ण वेळ आपल्या लेकीकडे पाहत होत्या. काजलने मला स्टँडवर लावले. मग दोघी मायलेकी पायी मागे गेल्या आणि दगडापाशी बसून पोटभर रडल्या.

पुढे बबनरावांनी स्वतः तो दगड उचलला आणि वळणाच्या पलीकडे सरळ रस्त्यावर, गाडी थांबवता येईल अशा जागी बसवला. त्यानंतर तिथे कोणी घसरले नाही. रूपराव म्हणतात, अंकुश शांत झाला. म्हणोत बिचारे.

मित्रांनो, गेलेल्या माणसाला नमस्कार जरूर करा, पण गाडी थांबवून, खाली उतरून करा. हेल्मेट आरशाला नको, डोक्यावर हवे. आणि वळणात नजर रस्त्यावर ठेवा, पलीकडे कोणीतरी तुमची वाट पाहत असते.

मी अजून काजलला रोज समुद्रपूरला नेते. निंबापाशी ते दोन हात अजूनही माझ्या हँडलवर येतात. फक्त आता ते आवळलेले नसतात.