बावीस अंगठे

रोशनीच्या वाडीतली माणसं बोलायला कधीच कंजूष नव्हती. गडब गावाच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची बावीस घरं. प्रत्येक घरी तासन्‌तास बसून तिने तीन वह्या भरल्या. रोह्याच्या कॉलेजात ती समाजशास्त्राच्या चौथ्या वर्षाला होती, ऑनर्सला. आपल्या वाडीची जमीन कशी गेली, हा संशोधनाचा विषय तिने हट्टाने घेतला होता. वाडीत बारावी झालेलंही दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे तिचं कौतुक जरा जास्तच होतं.

घोडं अडलं ते संमतीपत्रावर. प्रत्येक घराची सही किंवा अंगठा हवा, नाहीतर प्रकल्प समितीपुढे जाणार नाही. कुणाला फसवून माहिती काढू नये म्हणून केलेला नियम, त्यामुळे त्याला नावं तरी काय ठेवणार?

पहिला कागद तिने घरीच काढला. बापापुढे, केरूपुढे, शाईचा पॅड ठेवून सगळा मजकूर वाचला. ‘नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे’ ही ओळ तर दोनदा वाचली.

“लय चांगलं लिवलंय,” केरू म्हणाला. “तवा त्या जीपवाल्यानंपन असंच वाचून दाखवलं व्हतं. घरकुल देतो बोलला. बावीस घरांनी अंगठं दिलं, आन डोंगरावरच्या नाचणीच्या जमिनीला तारेचं कुंपण पडलं. काय पायजे ते इचार गो, सांगतो. अंगठा नाय.”

केरू नाही म्हणाला म्हटल्यावर वाडी कशाला हो म्हणते! शेजारच्या कमळीकाकीने तर पॅड बघूनच हात पदराखाली घेतले. तिकडे वर्गातल्या हफ्साने आखातात गेलेल्यांच्या बायकांचा अभ्यास घेतला होता. त्या बायकांनी सह्या ठोकल्या आणि वर सरबत पाजलं. रोशनीला तिचा हेवा वाटला आणि हेवा वाटल्याचा रागही आला.

“सोमवारी फॉर्म नसतील तर चौथं वर्ष गेलं समज,” तिचे मार्गदर्शक विलास सर म्हणाले. “तीन वर्षांची साधी पदवी घे आणि मोकळी हो.” साधी पदवी घेतलेल्या तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी धाटावच्या कंपनीत शिफ्टने खोकी भरत होत्या. तिचा चेहरा बघून सर जरा नरमले. “कसे आणलेस ते मी विचारणार नाही.” आता याला सल्ला म्हणायचं की आणखी काही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सोमवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या बाकावर बसून तिने बावीस कागदांवर स्वतःचा अंगठा उठवला. पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा, हे वाडीत पोराटोरांनाही पाठ. तोही नियम तिने इमानदारीने पाळला. सरांनी कागद मोजले, बघितले नाहीत, आणि शाब्बास म्हणाले.  नळावर साबण लावून लावून तिचे हात लाल झाले, पण शाई गेली नाही.

दुपारी ती घरी आली तेव्हा केरू अंगणात कोयत्याला धार लावत होता. तिचा उजवा अंगठा दिसला आणि त्याच्या हातातून कोयता सुटला.

“कुनाला दिलास? कुठल्या कागदावर? तुला सही येते ना गो!”

तो घाबरला होता. चुलीतली राख आणून तो तिचा अंगठा घासायला लागला. मग त्याचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं, आणि घासणं थांबलं.

“उजवा तुजा. डावा कुनाचा?”

रोशनीने डावा हात पाठीमागे नेला.

“माजा हाय त्यात?”

“हाय, बाबा. पहिलाच.”

केरूने तिचा हात सोडला. बराच वेळ तो स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत बसला.

“मी नाय बोललो व्हतो ना गो,” तो म्हणाला. “तूच वाचून दाखवलं व्हतंस.”