रविवारी फोन उचलायचा नाही

"हात लावू नकोस," ड्वेन म्हणाला. टेबलावर त्याचा फोन थरथरत होता आणि पडद्यावर नंबर दिसत नव्हता.

रोंडाने पुढे केलेला हात मागे घेतला. टीव्हीवर एका सिनेमाची जाहिरात संपून दुसरी सुरू झाली. फोन गप्प होईपर्यंत नवराबायको आपल्याच घरात चोरासारखी बसून राहिली.

ड्वेनच्या कारखान्यात रविवारी दुपारी माणसं कमी पडली की फोरमन गार्टनर फोन करत सुटायचा, आणि सुरुवात व्हायची नोकरीत सगळ्यात नवा असेल त्याच्यापासून. फोन उचलला की मुकाट्याने कामावर जायचं. उचललाच नाही, तर माणूस घरी नव्हता असं धरून गार्टनर पुढच्याच्या मागे लागायचा. जुना कारखाना बंद पडल्यामुळे बावन्नाव्या वर्षी ड्वेन इथे सगळ्यात नवा होता. लोक आपला नंबर ओळखून फोन उचलत नाहीत हे कळल्यावर गार्टनर नंबर लपवून फोन करायला लागला. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

ड्वेन पहाटे जायचा, रोंडा वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला. तो झोपल्यावर ती घरी यायची आणि ती उठायच्या आत तो गेलेला असायचा. धड बोलणं व्हायचं ते रविवारी, आणि मागचे कितीतरी रविवार गार्टनरने गिळले होते. म्हणून आज एक सिनेमा, दोघांनी मिळून, शेवटपर्यंत बघायचाच असं ठरलं होतं.

पण कुठला? निवडीला तोटा नव्हता, तीच पंचाईत होती. घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीचे पैसे दरमहा कापले जायचे, दुसरी फोनबरोबर फुकट आली होती, तिसरी रोंडाच्या बहिणीच्या पासवर्डवर चालायची. पैसे भरताना वाटायचं, निवांतपणे बघू. निवांतपणा तेवढा कुणी विकत नव्हतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लोक मालिकांवर बोलायचे आणि ड्वेन सगळं पाहिल्यासारखी मान डोलवायचा.

"कोर्टाचा लावू?" रोंडाने विचारलं.

"लाव. तुला आवडतात."

"आणि तू घोरायला लागशील. मागच्या वेळी अख्खा सिनेमा मी एकटीने बघितला."

ड्वेनला ते लागलं. त्याने रिमोट घेतला आणि झोप येणार नाही असं काही शोधायला लागला. एकात फार मारामारी होती, दुसरा फार लांब होता, तिसऱ्याला लोकांनी नावं ठेवली होती. पॉपकॉर्न गार झालं. रोंडा घड्याळाकडे बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती.

फोन परत वाजला. नंबर दिसत नव्हता.

"कोल्टचा असला तर?" ती म्हणाली.

कोल्ट त्यांचा मुलगा, नौदलात नवीनच लागलेला. त्याचा फोन बिघडल्यापासून तो तळावरच्या फोनवरून बोलायचा आणि तिथलेही नंबर दिसत नसत.

"कोल्ट शनिवारी करतो."

"काल केला नाही त्याने."

फोन वाजतच होता.

"हा गार्टनर असला तर गेला आपला रविवार," तो म्हणाला. "आणि परत तू म्हणशील, तुला कामच प्यारं."

"मी असं कधी म्हटलं?"

म्हटलं होतं, आणि दोघांनाही ते आठवत होतं. ड्वेनने हात पुढे केला आणि तसाच अधांतरी धरला. फोन थांबला. मग एकदाच बारीक वाजला. कुणीतरी निरोप ठेवला होता.

गार्टनर कधीच निरोप ठेवत नसे. रोंडाचा चेहरा पडला. ड्वेनने निरोप लावला.

"बाबा, मी बोलतोय. मघाशीपण केला होता. जहाज उद्याऐवजी आजच निघतंय. मागे रांग आहे, फार बोलता नाही येणार. आईला सांग, मोजे मिळाले. रविवार आहे, तुम्ही सिनेमाला बसला असाल ना? बसा, बसा. आता एकदम थंडीत बोलू. कुठला बघितला ते सांगा तेव्हा."

त्या नंबरवर उलटा फोन लागणार नव्हता. रोंडाने निरोप पुन्हा लावला. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं ड्वेनला वाटलं.

इतक्यात फोन परत वाजला. ड्वेनने तो झडप घालून उचलला.

"कोल्ट? बाळा?"

पलीकडून गार्टनर म्हणाला, "मी आहे रे, ड्वेन. चार वाजता. माझाही इलाज नाही."

"येतो," ड्वेन म्हणाला.

त्याने बूट चढवले, जाकीट घेतलं आणि दारात थांबून आपला फोन रोंडाच्या हातात दिला.

"कुठलाही नंबर असू दे, उचल."

"आणि गार्टनरचा असला तर?"

"सांग त्याला, माझा नवरा तुझ्यासमोरच उभा आहे."

ती हसली नाही. गाडी गेल्याचा आवाज आल्यावर तिने टीव्ही बंद केला आणि फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथे रेंज चांगली येते.